समासातली नावं

डिचोलीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर मी काम करते. एक मेज, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं, भजनी मंडळांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिकं यांची पानं लावून देणं हा माझा धंदा. पुस्तकं क्वचित येतात, आणि येतात ती बहुतेक पातळ असतात. सरांचं पुस्तक चारशे पानांच्या वर होतं.

सर म्हणजे नार्व्याचे एक निवृत्त शिक्षक. मी त्यांच्या हाताखाली शिकलेली नव्हे. माझं माहेर पेडण्यातलं, मांद्र्याचं. लग्न होऊन डिचोलीत आले. सर पहिल्यांदा माळ्याचा जिना चढून आले तेव्हाच आमची ओळख झाली. धापा टाकत खुर्चीवर बसले आणि शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढून मेजावर ठेवला.

"ह्यात माझी पंधरा-वीस वर्षं आहेत," म्हणाले. "सांभाळून उघड."

नोकरीतून सुटल्यावर सरांनी एकच काम केलं होतं. डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांतल्या गावागावात जाऊन जागांची नावं गोळा केली होती. गावांची नव्हे. शेतांची, व्हाळांची म्हणजे ओढ्यांची, तळ्यांची, खडकांची, भाटांची म्हणजे माडांच्या बागांची, वाटेवरच्या वळणांची. आमच्याकडे शेताच्या प्रत्येक तुकड्याला नाव असतं, आणि ते सरकारी कागदात असतंच असं नाही. डिचोलीकडची कितीतरी शेतं खाणींनी खाल्ली, पेडण्यातली आता विकली जाताहेत. जागा गेली की नाव घेणारा कुणी उरत नाही. सरांनी जमेल तितकी नावं पकडली होती आणि प्रत्येक जागेबद्दल चार-सहा ओळी लिहिल्या होत्या: ती कुठे आहे, तिथे काय पिकायचं, पाणी कुठून यायचं.

पुस्तकाची मांडणी त्यांनी स्वतः ठरवली होती. जागेची माहिती मुख्य मजकुरात, आणि तिचं नाव बाहेरच्या समासात, ठळक अक्षरांत, त्या परिच्छेदाच्या बरोब्बर समोर. मजकुरात नाव पुन्हा लिहायचं नाही. मी विचारलं, "सर, नाव परिच्छेदातच सुरुवातीला घातलं तर सोपं जाईल की?"

"नको," म्हणाले. "पान उलटताना नुसत्या कडेवरून नजर गेली तरी नावं वाचली गेली पाहिजेत. माहिती वाचली नाही तरी चालेल."

आधीची पानं म्हापशाच्या एका माणसाने लावली होती. सर हाताने लिहिलेले कागद त्याला नेऊन द्यायचे, तो टाइप करायचा. मजकुराची प्रुफं सरांनी त्याच्याकडेच तपासली. समासातली नावं त्याने सगळ्यांत शेवटी घातली आणि ती तपासण्याआधीच तो लंडनला निघून गेला. म्हणून फाईल माझ्याकडे आली. मी पहिल्यांदा ती वरवर चाळली तेव्हा सगळं जागच्या जागी दिसलं. नावं आहेत, मजकूर आहे, पानांचे आकडे आहेत. नावांचं प्रूफ काढून देते म्हणून सरांना सांगितलं. ते म्हणाले, चतुर्थी होऊन जाऊ दे, मग शांतपणे बघतो.

चतुर्थी झाली. नवरात्र संपता संपता सरांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बांबोळीच्या इस्पितळातून घरी आणलं तेव्हा तोंडातून एकच आवाज निघायचा, "बा". पाणी हवं असलं तरी बा, पडदा ओढायचा असला तरी बा. त्यांना समजतं किती हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

सरांची मुलगी पणजीत नोकरीला. मी तिला ताई म्हणते. ती वडिलांसाठी रजा काढून नार्व्याला येऊन राहिली होती. एका दुपारी तिचा फोन आला. "बाबांचं पुस्तक काढूया. जे आहे, जसं आहे तसं. त्यांनी हातात घेतलं पाहिजे. त्यांना किती दिवस मिळतील कुणालाच माहीत नाही."

मी फाईल छापखान्यात पाठवली. छापखान्याचे मालक सावंतवाडीकडचे, या धंद्यात मुरलेले. दुसऱ्या दिवशी स्वतःच जिना चढून आले.

"बाय, ह्या असा चलाचा नाय," म्हणाले. "पुस्तक जाड होतला. आतली अक्षरां बांधणीत गडप होतली. सगळो मजकूर भायर सरकव."

त्यांचं बरोबर होतं. जाड पुस्तक पूर्ण उघडत नाही, मधल्या शिवणीपाशी ओळींची टोकं आत जातात. तेव्हा डाव्या पानावरचा मजकूर डावीकडे आणि उजव्या पानावरचा उजवीकडे सरकवायला हवा होता. फाईल नीट बांधलेली असेल तर हे क्षणाचं काम. एक मूळ पान असतं, त्यावर समास बदलला की पुस्तकातली सगळी पानं त्याच्यामागून जातात. इथे मूळ पान कोरं होतं. म्हापशाच्या माणसाने प्रत्येक पान सुटं, हाताने रचलेलं. मजकुराची चौकट वेगळी, प्रत्येक नावाची चौकट वेगळी. मजकूर बाहेर ढकलला की तो नावांवर चढायचा. म्हणजे आधी नावांच्या चौकटी अरुंद करायच्या, कडेला न्यायच्या, मग मजकूर सरकवायचा. चारशे पानं, प्रत्येक पानावर चार-पाच नावं.

बसले. लग्नसराईच्या पत्रिका सुरू व्हायच्या आत संपवायचं ठरवलं. सकाळी पोदेराकडून पावाचे उंडे घेऊन घरी टाकायचे, भाजी करून ठेवायची आणि माळ्यावर यायचं. चौकट पकडायची, आकडा घालायचा, सोडायची. पुढची पकडायची. संध्याकाळपर्यंत मनगट दुखून यायचं. डिचोली तालुका असाच सरकवून झाला. मी नावं वाचतही नव्हते, फक्त चौकटी बघत होते.

पेडण्यात शिरले आणि मांद्र्याचं पान आलं तेव्हा थांबले. माहेरचं गाव. समासात नाव होतं "चिंचमळो". आमच्या घराच्या पाठीमागचं शेत. लहानपणी मी तिथे पाखरं हाकायला बसलेली आहे. म्हटलं, बघूया सरांनी काय लिहिलंय. वाचलं: "भरतीला हा खडक पूर्ण पाण्याखाली जातो. ओहोटी लागली की बायका कोयते घेऊन कालवं काढायला येतात."

पुन्हा वाचलं. आमच्या शेतापासून समुद्र लांब आहे. खालच्या नावाकडे गेले. "व्हंकलफातर". व्हंकल म्हणजे नवरी. फातर म्हणजे दगड. व्हंकलफातर हा किनाऱ्यावरचा खडक आहे, आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. त्याच्यासमोर लिहिलं होतं: "इथे मळणी होत असे. शेजारी गुरं बांधायची जागा."

वाटलं, हे मीच केलं. चौकटी अरुंद करताना काहीतरी हललं. उलटं करत गेले, जितकं उलटं करता येत होतं तितकं केलं. नावं तिथेच. मग सरांनी दिलेला पेनड्राइव्ह शोधून काढला, मी हात न लावलेली फाईल उघडली. मांद्र्याच्या पानावर गेले. तिथेही चिंचमळो कालवांच्या खडकापाशी होतं.

मी केलं नव्हतं, एवढं एक कळलं. पण त्याचा आनंद होईना, कारण याचा अर्थ, बरोबर असलेली फाईल कुठेच नव्हती.

काय झालं होतं ते हळूहळू उमगलं. त्या माणसाने सगळी नावं एकापुढे एक टाइप करून चौकटींच्या साखळीत सोडली होती. एका चौकटीत मावलं नाही की ते पुढच्या चौकटीत जायचं, तिथून पुढच्या. एखादं नाव लांबीने जास्त झालं, दोन चौकटींत मोडलं, की तिथून पुढची सगळी नावं एक जागा खाली. कुठे त्याने नंतर चौकट वाढवली होती, कुठे पुसली होती. काही चौकटींच्या कोपऱ्यात बारीक लाल खूण होती. तिच्यामागे न मावलेली नावं लपलेली. सरक एकसारखी असती तर सगळी नावं उचलून वर नेली असती. पण कुठे ती एका जागेची होती, कुठे तीन, आणि मध्येच कुठेतरी एका गावची नावं दुसऱ्या गावात शिरली होती. मी डिचोलीची पानं परत उघडली. जी मी आठवडाभर मन लावून सरकवली होती, त्यांत कुठलं नाव कुणाचं हे मला सांगता येत नव्हतं. जागा मी पाहिलेल्या नव्हत्या. पाहिलेल्या होत्या त्या सरांनी.

लंडनच्या माणसाला मेसेज केला. त्याने माणुसकीने उत्तर दिलं: कागद टाइप करून झाल्यावर टाकले, कॉम्प्युटर विकला, क्षमा करा. सरांच्या घरी काकींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, माळे-कपाटं धुंडाळली. पहिल्या चार-पाच गावांचे जुने कागद मिळाले. बाकी काही नाही.

मी ताईला माळ्यावर बोलावून पडद्यावर सगळं दाखवलं. ती स्वतः माऊस घेऊन पानामागून पान बघत गेली.

"छापून टाक," शेवटी म्हणाली.

"ताई, नावं चुकीची आहेत."

"कुणाला कळणार आहे? त्या जागाच नाहीत आता. बाबांनी पुस्तक बघितलं पाहिजे. आणखी दोन महिने गेले आणि बाबाच नसले तर तुझी बरोबर नावं घेऊन मी काय करू?"

"पण ही नावं सांगणारं दुसरं काही नाही. हे छापलं की हेच खरं होऊन बसेल."

"तू त्यांना भरवतेस? तू त्यांचं अंग पुसतेस?" तिचा आवाज चढला. खालच्या दुकानातली माणसं वर बघायला लागली. "मला त्यांच्या चेहऱ्यावर एकदा काहीतरी बघायचंय. बास."

ती जिना उतरून गेली. तिचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. माझंही चुकत होतं असं वाटेना. मी तशीच पडद्यासमोर बसले. कुठल्याही पानावर गेले तरी समासात नावं उभी असायची, ठळक, स्वच्छ, आणि मला एकाचाही भरवसा नव्हता. त्या दिवसांत मी कितीदा फाईल उघडून काहीही न करता बंद केली. पत्रिकेची गिऱ्हाइकं आली की बरं वाटायचं, निदान वधूचं नाव वधूच्या जागी आहे हे समजायचं. घरी नवरा म्हणाला, दे परत, तुझा काय संबंध. परत कुणाला देणार? एकदा तर जेवणाचा डबा उघडला आणि न जेवता तसाच मिटला. असं मला पूर्वी कधी झालं नव्हतं.

एका रविवारी काकींनी सकाळीच बोलावून घेतलं. नार्व्याला स्कूटरने गेले. ताईने मला काही सांगितलं नव्हतं. मी आधी तिला पाहण्यासाठी म्हणून पाठवलेली फाईल तिच्याजवळ होती. पणजीत एका ठिकाणी तिने त्या फाईलची एकच प्रत काढून, कापडी बांधणी करून आणली होती. सर उशांना टेकून कॉटवर बसवलेले. काकी त्यांना पेज भरवून तोंड पुसत होत्या. ताईने पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, तुमचं पुस्तक."

सरांनी डाव्या हाताने कव्हर चाचपलं. पान उलटलं, पुन्हा उलटलं. ताई त्यांच्या खांद्याला धरून उभी होती, डोळ्यांना पदर लावून. सर पानं ओलांडत नार्व्यापर्यंत गेले. स्वतःच्या गावापर्यंत. तिथे एका परिच्छेदावर बोट ठेवलं. मग बोट समासात सरकलं. आणि मोठ्याने आवाज आला, "बा! बा!"

"बघ, बघ," ताई मला म्हणाली. "ओळखलं त्यांनी. खूश झालेत."

सरांनी मूठ वळली आणि पुस्तकावर आपटली. पुन्हा आपटली. पुस्तक मांडीवरून घसरून लादीवर पडलं.

"ते खूश नात गो," काकी म्हणाल्या. "ते तापल्यात."

मी पुस्तक उचललं. ते पान उघडलं. परिच्छेद होता नदीकाठच्या, भरतीचं पाणी बांधाने अडवलेल्या खाजन शेतीचा. सरांच्या घरचीच जमीन. समोर नाव होतं "वाघाफातर".

मी काकींकडे कात्री मागितली. शिवणाच्या डब्यातली कात्री त्यांनी आणून दिली. ताई ओरडली, "काय करतेस?" पण मी वाघाफातर समासातून कापून काढलं आणि ती चिठ्ठी सरांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बघितली. चिठ्ठी पानावर ठेवून त्यांनी बोटाने ढकलत ढकलत वर नेली, दोन परिच्छेद ओलांडून, डोंगराच्या पायथ्याच्या एका झरीपाशी. तिथे सोडली. आणि माझ्याकडे बघितलं. खाजनाची जागा आता रिकामी होती. त्यावर बोट ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. वर्गात उत्तराची वाट बघणाऱ्या शिक्षकासारखे.

"सर, ते नाव या पानावर नाही," मी म्हटलं. "मी शोधून आणते."

त्यांनी मान डोलावली. पहिल्यांदाच हो-नाही असं काहीतरी त्यांच्याकडून आलं.

ताई स्वयंपाकघरात निघून गेली होती. मी गेले तेव्हा ओट्याला धरून उभी होती. "त्यांना सगळं कळतं," म्हणाली. "इतके दिवस सगळं कळत होतं. आम्ही त्यांच्यासमोर काय काय बोललो गं. ती जमीन विकायची की नाही, ते गेल्यावर आईला कुठे ठेवायचं. त्यांच्या उशाशी बसून बोललो."

मी तिचा हात धरून उभी राहिले.

दुसऱ्याच दिवशी नार्व्याची सगळी नावं, लाल खुणांमागे लपलेलीही, मोठ्या अक्षरांत छापून चिठ्ठ्या कापून घेऊन गेले. मजकुराची पानंही मोठी करून, समास कोरा ठेवून छापली. काकींनी एक पाट आडवा कॉटवर ठेवला. सर एकेक चिठ्ठी उचलायचे आणि जागेवर न्यायचे. खाजनाचं नाव निघालं "तिसऱ्यांखाजन". ते ठेवताना त्यांनी त्यावर तळहात दाबून धरला. पंख्याने चिठ्ठ्या उडायला लागल्या तेव्हा काकींनी प्रत्येकीवर एकेक चिंचोका ठेवला. मी मोबाइलवर पानाचा फोटो घ्यायची आणि माळ्यावर येऊन नावं घालायची. साखळी तोडून टाकली. प्रत्येक चौकट सुटी केली, तिच्या परिच्छेदाला बांधली, की परिच्छेद हलला तर नाव त्याच्याबरोबर हलावं. त्याच वेळी पान बाहेर सरकवायचं कामही करत गेले.

पण काम हळू चालायचं. सर लवकर थकायचे. एखाद्या दिवशी दोन गावं व्हायची, एखाद्या दिवशी एका पानावर अडायचं. चिठ्ठी चुकीची ठेवली असं स्वतःलाच वाटलं की ते सगळ्या चिठ्ठ्या हाताने उधळून लावायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. एकदा रडले. काकी म्हणाल्या, "बाय, तू आतां वच. फाल्यां यो." मी उधळलेले चिंचोके वेचून, उद्या येते म्हणून निघायची. डिचोलीला परतताना खाणीच्या बाजूने स्कूटर चालवताना हिशेब डोक्यात घोळायचा: इतकी गावं झाली, इतकी उरली, आणि सरांचा चेहरा कालच्यापेक्षा आज बारीक.

डिचोली तालुका झाला. पेडण्यातली आतल्या अंगाची गावं झाली. राहिली ती किनाऱ्याकडची, केरी आणि मांद्रे. तेव्हा सरांना ताप भरला. छातीत कफ. पुन्हा बांबोळी, पुन्हा घर. परत आले ते वेगळेच आले. डावा हातही नीट उचलेना. डोळे मिटलेले असायचे.

तरी मी जात राहिले. चिठ्ठ्या पर्समध्ये असायच्या. काकींच्या दारात उभी राहायची आणि त्या नुसती नकारार्थी मान हलवायच्या. एका सकाळी मी न राहवून म्हटलं, "काकी, फक्त एक पान. फक्त मांद्र्याचं. मी त्यांचा हात धरते."

काकी शांतपणे म्हणाल्या, "आज नाका. तांकां निजूं दी."

ताई आतून आली. जी बाई मला छापून टाक म्हणून भांडली होती, तीच आता माझ्याजवळ बसून म्हणाली, "राहू दे गं. आता घाई नको करूस. मला ते नुसते हवेत."

मी चिठ्ठ्या परत आत ठेवल्या. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी सगळं हातातून निसटतंय म्हणून जीव तुटत होता. दोन्ही एकदम. तापातल्या माणसाचा हात धरून नावं लावायला निघाले होते मी.

तीन-चार दिवसांनी सर गेले.

बाराव्यानंतर मी मांद्र्याला गेले. भाऊ आता घराच्या पुढच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने देतो. चिंचमळ्यात गेस्टहाऊस उभं आहे, निळ्या टाकीचं. भावाने आमची म्हणून जेवढी माहीत होती तेवढी नावं लावून दिली. वाड्यावरच्या म्हाताऱ्यांकडे गेले. काही चिठ्ठ्या जागेवर बसल्या. काहींबद्दल एकाने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरं. पुष्कळदा बाई दारात आली, चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "नांव आयकल्यासारखें दिसता. पूण खंय तें कोण जाणां." केरीला किनाऱ्यावर जाळी सुकवणाऱ्या माणसांनी खडकांची, खाडीच्या तोंडाची नावं बिनचूक सांगितली. आतल्या शेतांची मात्र त्यांना माहीत नव्हती; ती कसणारी माणसं कधीच निघून गेली होती. दुपारी एका नव्या बंगल्याच्या फाटकापाशी उभी राहून मी परिच्छेद वाचत होते, "समोर दोन आंबे, त्यांच्यामधून पाट वाहतो." आंबे नव्हते. पाट नव्हता. राखणदाराने विचारलं, कुणाला भेटायचंय. मी तिथेच दगडी गडग्यावर बसले आणि मग रडू आलं, इतक्या दिवसांचं. तो बिचारा पाण्याची बाटली घेऊन आला.

ताई आणि मी नार्व्याला बसून ठरवलं. अंदाजाने एकही नाव लावायचं नाही. ज्या परिच्छेदाचं नाव खात्रीने मिळालं नाही त्याच्यासमोरची चौकट रिकामी ठेवायची. आणि ज्या नावांची जागा कळली नाही ती त्या-त्या गावाच्या शेवटी एकत्र छापायची, वर एवढंच: या नावांच्या जागा ठरवता आल्या नाहीत.

छापखान्याचे मालक प्रूफ घेऊन आले. केरीची आणि मांद्र्याची पानं उघडून म्हणाले, "बाय, हय बॉक्स रिकामे ऱ्हवले हत. काढून टाकू? पान बरा दिसतला."

"नको," मी म्हटलं. "असूं देत."

"लोक म्हणतले, चूक रवली."

"म्हणू देत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पानं गोळा केली आणि गेले. पुस्तक छापून आलं. मजकूर बांधणीत कुठे गडप झाला नव्हता, ते मी आधी तपासलं. नार्व्याच्या शाळेच्या खोलीत छोटासा कार्यक्रम झाला. काकी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना प्रत दिली तेव्हा त्यांनी ती उघडली नाही, मांडीवर घेऊन बसून राहिल्या. घरी गेल्यावर वाचल्याचं ताईने सांगितलं. रोज थोडं थोडं, मोठ्याने, सरांच्या रिकाम्या कॉटवर बसून.

त्यानंतर अधूनमधून फोन येतात. पुस्तकाच्या मागे छापलेला नंबर माझ्या माळ्यावरचा आहे. परवा मांद्र्याहून एका बाईने फोन केला. शेवटी दिलेल्या नावांपैकी एक तिच्या सासरच्या शेताचं आहे म्हणाली, उतारावर, तळ्याच्या वरच्या अंगाला. मी पान उघडलं. तळ्याच्या वरच्या अंगाचा परिच्छेद होता, समोरची चौकट रिकामी. जुळत होतं. मी आनंदाने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिच्याच दिराचा फोन.

"वहिनीन तुमकां कितें सांगलां तें आयकूं नाकात," म्हणाला. "ती सावंतवाडीची. तिका कितें खबर? तें नांव तळ्याच्या सकयल्या शेताचें. वयल्याचें नांव वेगळें."

त्याच्या म्हणण्याने ते खालच्या शेताचं होतं, आणि वरच्याचं त्याने वेगळंच नाव सांगितलं. ते सरांच्या नावांत कुठेच नव्हतं.

मी दोघांना पुन्हा फोन केला. दोघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम. भावाला विचारलं, त्याला माहीत नाही. दोन्ही नावं लिहून ठेवली आहेत. त्या पानावरची चौकट मी अजून भरलेली नाही.